जॉन बन्यन

जॉन बन्यन (बाप्तिस्मा: ३० नोव्हेंबर, इ.स. १६२८ – मृत्यू: ३१ ऑगस्ट, इ.स. १६८८) हे सतराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक व लेखक होते. ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेमुळे ते जगभर ओळखले जातात. व्यवसायाने ते भांडी सांधणारे फिरते कारागीर होते आणि त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते. तरुणपणी अनेक वर्षे, आपण देवाजवळ जाण्यास सर्वथा अपात्र आहोत, या जाणिवेने त्यांना ग्रासले होते. या झगड्याचा वृत्तांत त्यांनी ‘ग्रेस अबाउंडिंग टू द चीफ ऑफ सिनर्स’ (१६६६) या आत्मचरित्रात दिला आहे. पापी मनुष्याने देवाजवळ कोणत्या आधारावर यावे, हा प्रश्न त्यांच्या पुढील बहुतेक लेखनाच्या मध्यभागी राहिला.

बालपण व कुटुंब

बन्यन यांचा जन्म इंग्लंडमधील बेडफर्ड शहराजवळच्या एल्स्टो या गावी झाला. वडील थॉमस बन्यन हे तांब्यापितळेची भांडी घडविण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. आईचे नाव मार्गारेट बेंटली. घरची परिस्थिती बेताची असूनही आईवडिलांनी मुलाला लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण दिले. पुढे जॉन यांनी वडिलांचाच व्यवसाय स्वीकारला.

लहान वयातच त्यांना नरक व दुष्टात्मे यांविषयीची भयंकर स्वप्ने पडत. दुसरीकडे शपथा घेणे, शिव्या देणे व खोटे बोलणे यांत आपण गावातील मुलांचे म्होरके होतो, असे त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे. इ.स. १६४४च्या जून महिन्यात त्यांच्या आईचे निधन झाले. पाठोपाठ जुलैमध्ये धाकटी बहीण मार्गारेट वारली आणि ऑगस्टमध्ये वडिलांनी पुन्हा विवाह केला.

सैन्यातील काळ

त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, बन्यन राजा पहिला चार्ल्स याच्याविरुद्ध लढणाऱ्या संसदेच्या सैन्यात दाखल झाले. त्यांची नेमणूक न्यूपोर्ट पॅग्नेल येथील ठाण्यावर होती व ते सुमारे तीन वर्षे सैन्यात होते. एकदा एका वेढ्यासाठी त्यांची निवड झाली असता दुसरा एक सैनिक त्यांच्या जागी जाण्यास तयार झाला. पहाऱ्यावर उभा असताना डोक्यात गोळी लागून तो मरण पावला. आपल्या वाट्याचा मृत्यू दुसऱ्याला आला, ही घटना बन्यन कधीच विसरले नाहीत. मात्र त्या वेळी आपल्या आचरणात काही फरक पडला नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले आहे.

विवाह व धार्मिक जागृती

सैन्यातून परतल्यावर इ.स. १६४९च्या सुमारास बन्यन यांचा विवाह झाला. पहिल्या पत्नीचे नाव इतिहासाला ज्ञात नाही. संसाराच्या आरंभी या दांपत्याजवळ ताट किंवा चमचादेखील नव्हता. पत्नीने माहेरून दोन धार्मिक पुस्तके मात्र आणली होती: आर्थर डेंट यांचे ‘द प्लेन मॅन्स पाथवे टू हेवन’ व लुईस बेली यांचे ‘द प्रॅक्टिस ऑफ पायटी’. त्यांच्या वाचनामुळे बन्यन चर्चला नियमित जाऊ लागले. त्यांना मेरी, एलिझाबेथ, जॉन व थॉमस ही चार अपत्ये झाली. थोरली मेरी (बाप्तिस्मा १६५०) जन्मांध होती.

एका रविवारी ते विटीदांडूसारखा ‘टिपकॅट’ हा खेळ खेळत असताना विटीला दुसरा टोला देणार तोच, पाप सोडून स्वर्गाला जाणार की पाप धरून नरकाला जाणार, असा प्रश्न आकाशातून आपल्या अंतःकरणात उतरल्याचे त्यांना जाणवले. परतीची वेळ टळून गेली आहे, असा निष्कर्ष काढून ते पुन्हा खेळू लागले. देवाजवळ जाण्यास उशीर झाला या समजुतीतून आलेली ही निराशा त्यांच्या जीवनात पुढेही वारंवार परतली.

त्यानंतर त्यांनी आपले आचरण सुधारण्यास आरंभ केला. शपथा घेणे सोडले. चर्चच्या घंटा वाजविण्याचा छंदही त्यांनी सोडला; परंतु इतरांना घंटा वाजविताना पाहण्यासाठी ते जात. घंटा तुटून अंगावर पडेल या भीतीने ते तुळईखाली उभे राहत, नंतर दारात उभे राहू लागले आणि अखेर सारा मनोराच कोसळेल या भयाने त्यांनी तेथे जाणेही सोडले. नृत्याचा नाद सोडण्यास त्यांना सुमारे वर्ष लागले. शेजारी त्यांची स्तुती करू लागले आणि आपल्याइतका देवाला संतुष्ट करणारा माणूस इंग्लंडमध्ये नसेल, असे त्यांनाही वाटू लागले.

कामानिमित्त बेडफर्डमध्ये फिरत असता त्यांनी एका दारात उन्हात बसलेल्या तीन-चार गरीब स्त्रियांचे संभाषण ऐकले. त्या नवीन जन्माविषयी, स्वतःच्या अंतःकरणाच्या दुष्टतेविषयी आणि तरीही ख्रिस्तात मिळालेल्या समाधानाविषयी आनंदाने बोलत होत्या. आपल्या सुधारलेल्या आचरणात या आनंदाचा लवलेशही नाही, हे बन्यन यांच्या ध्यानी आले. त्या स्त्रिया जॉन गिफर्ड यांच्या स्वतंत्र मंडळीच्या सभासद होत्या. गिफर्ड हे पूर्वी राजपक्षाच्या सैन्यातील अधिकारी होते. मृत्युदंड झाला असता ते कैदेतून निसटले होते आणि काही काळ स्वैर जीवन जगल्यावर त्यांचे परिवर्तन झाले होते. बन्यन त्यांच्या सहवासात आले व पुढे या मंडळीचे सभासद झाले.

अपात्रतेच्या जाणिवेशी संघर्ष

यानंतरची काही वर्षे बन्यन यांच्या जीवनातील सर्वांत खडतर होती. देवाने निवडलेल्या लोकांत आपण आहोत काय, आणि कृपेचा दिवस आपल्यापुरता संपला तर नाही ना, हे दोन प्रश्न त्यांना छळत. देवावर विश्वास ठेवून कोणी फजीत झाला नाही, अशा अर्थाचे एक वचन त्यांच्या मनात आले. पण ते बायबलमध्ये त्यांना सापडेना. वर्षाहून अधिक काळ शोध घेतल्यावर ते प्रॉटेस्टंट पंथीय प्रमाण न मानणाऱ्या अपॉक्रिफा या ग्रंथभागात मिळाले. प्रथम ते खट्टू झाले. परंतु हे वचन शास्त्रातील अनेक अभिवचनांचे सार आहे, असे मानून त्यांनी त्याचा आधार घेतला. मेजवानीच्या दाखल्यातील, अजून जागा शिल्लक आहे, हा निरोपही त्यांना दिलासा देऊन गेला.

याच काळात मार्टिन ल्यूथर यांच्या गलतीकरांस पत्रावरील भाष्याची एक जीर्ण प्रत त्यांच्या हाती आली. आपल्याच अंतःकरणातून हा ग्रंथ लिहिला आहे, असे त्यांना वाटले. जखमी विवेकबुद्धीसाठी बायबलखालोखाल त्यांनी याच ग्रंथाला स्थान दिले.

त्यानंतर एक विचित्र मोह त्यांच्या मनात शिरला. ख्रिस्ताला विकून टाक, हा विचार सुमारे वर्षभर जेवताना, काम करताना, लाकूड तोडताना त्यांचा पाठलाग करीत राहिला. एके सकाळी अंथरुणात पडलेले असताना, या विचाराशी झुंजून थकल्यावर, ख्रिस्ताला जायचे असेल तर जावो, असा विचार आपल्या मनातून निघून गेल्याचे त्यांना वाटले. हे पाप क्षमेच्या पलीकडचे आहे, अशी त्यांची खात्री झाली. एका वेळच्या जेवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या व पुढे अश्रू ढाळूनही तो परत न मिळालेल्या एसावाची कथा इब्री लोकांस पत्रात सांगितली आहे. ती आपलीच कथा आहे, असे त्यांनी मानले.

दोन वर्षांहून अधिक काळ ते आपल्या पापाची तुलना बायबलमधील पतितांच्या पापांशी करीत राहिले. दावीदाने व्यभिचार व खून केला. पण ते नियमशास्त्राविरुद्धचे पाप होते. पेत्राने ख्रिस्ताला नाकारले. पण विकले नाही. यहूदा इस्कर्योताच्या कृत्याशी मात्र त्यांना आपले कृत्य मिळतेजुळते वाटे. त्यांनी एका अनुभवी ख्रिस्ती वृद्धाजवळ, आपण पवित्र आत्म्याविरुद्ध पाप केले असावे, अशी शंका व्यक्त केली, तेव्हा त्या गृहस्थाने आपल्यालाही तसेच वाटते असे उत्तर दिले. आत्मा नसल्यामुळे ज्यांना नाशाचे भय नाही, त्या कुत्र्याचा व बेडकाचा त्यांना हेवा वाटे. एकदा रस्त्यातील बाकावर बसले असता सूर्य आपल्याला प्रकाश देण्यास नाखूश आहे आणि रस्त्यातील दगड व घरांवरील कौलेही आपल्याविरुद्ध उभी आहेत, असे त्यांना भासले. अशा मनःस्थितीत प्रार्थना करणे हेच त्यांना उद्धटपणाचे वाटे; तरी ते प्रार्थना करीत राहिले.

संघर्षाचा शेवट

ही अवस्था एका क्षणात पालटली नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील, देवाची कृपा पुरेशी आहे, हे आश्वासन त्यांना प्रथम आठवले ते अपुरे. कृपा पुरेशी आहे हे पटले, पण ती आपल्यासाठी आहे, हा भाग जणू गळालेला होता. आठवडे उलटले. एके दिवशी मंडळीच्या सभेत ते वचन संपूर्ण स्वरूपात, त्यांना उद्देशून, त्यांच्या मनात तीन वेळा उमटले. तरीही एसावाविषयीचे वचन व कृपेचे वचन यांचे वजन मनाच्या तराजूत काही काळ वरखाली होत राहिले.

या काळात त्यांना सर्वांत मोठा आधार मिळाला तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील एका वचनाचा. आपल्याकडे येणाऱ्याला ख्रिस्त कधीही घालवून देणार नाही, असा त्याचा आशय आहे. या वचनासाठी सैतान एका टोकाला व आपण दुसऱ्या टोकाला धरून ओढत होतो, असे बन्यन यांनी लिहिले आहे. त्यांच्यासारख्यांना हे वचन लागू नाही, असे सैतान सुचवी. वचनात तर कोणताही अपवाद सांगितलेला नाही, असे त्यांचे उत्तर असे.

अखेर एके दिवशी शेतातून जात असता, आपले नीतिमत्त्व स्वर्गात आहे, हा विचार त्यांच्या मनात आला. ख्रिस्त देवाच्या उजवीकडे आहे आणि तोच आपले नीतिमत्त्व आहे. त्यामुळे आपल्या मनाच्या चांगल्या अवस्थेने त्यात भर पडत नाही आणि वाईट अवस्थेने ते उणावत नाही. बन्यन यांच्या जीवनातील हा निर्णायक बदल होता. पात्रतेचा शोध ते स्वतःच्या भावनांत घेत होते. तो शोध आता संपला. आपण पात्र ठरलो, असे त्यांनी यानंतरही कधी म्हटले नाही.

धर्मोपदेश

इ.स. १६५५च्या सुमारास बन्यन बेडफर्डमध्ये राहावयास आले. त्याच वर्षी गिफर्ड यांचे निधन झाले. मंडळीच्या आग्रहावरून बन्यन उपदेश करू लागले आणि शेकडो लोक त्यांना ऐकण्यास येऊ लागले. आरंभीची दोन वर्षे आपण स्वतः बेड्यांत असताना बेड्यांतील लोकांना उपदेश करीत होतो, अशा आशयाचे वर्णन त्यांनी केले आहे. व्यासपीठाच्या दारापर्यंत ते अपराधभावाने दबून जात, बोलत असताना ते ओझे उतरे आणि पायऱ्या उतरताच पुन्हा अंगावर येई. इ.स. १६५६ मध्ये क्वेकर पंथाच्या मतांविरुद्ध लिहिलेले ‘सम गॉस्पेल ट्रुथ्स ओपन्ड’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

इ.स. १६५८ मध्ये पहिल्या पत्नीचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला.

तुरुंगवास

इ.स. १६६० मध्ये इंग्लंडमध्ये राजसत्ता पुन्हा प्रस्थापित झाली व राजमान्य चर्चबाहेरील धर्मसभांवर बंधने आली. १२ नोव्हेंबर १६६० रोजी हार्लिंग्टनजवळील लोअर सॅमसेल येथे सभा घेण्यास गेले असता बन्यन यांना अटक झाली. वॉरंट निघाल्याची सूचना मिळूनही त्यांनी पळून जाण्यास नकार दिला. जानेवारी १६६१ मध्ये त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर उपदेश थांबविण्याचे वचन न दिल्यास हद्दपार करण्याची तंबी देण्यात आली. त्यांनी ते वचन दिले नाही. परिणामी ते इ.स. १६७२ पर्यंत सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात राहिले.

अटकेच्या वेळी एलिझाबेथ गरोदर होत्या. धक्क्याने त्यांची अकाली प्रसूती झाली व मूल दगावले. चार सावत्र मुलांचा भार त्यांच्यावर पडला. ऑगस्ट १६६१ मध्ये त्यांनी न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांच्यासमोर स्वतः उभे राहून पतीच्या सुटकेसाठी विनवणी केली. हेल यांनी सहानुभूती दाखविली; परंतु सुटका झाली नाही. तुरुंगात बन्यन कुटुंबाच्या निर्वाहासाठी टोके बसविलेल्या नाड्या तयार करीत. अंध मेरीचा विचार त्यांना सर्वाधिक व्याकूळ करी. आपल्या निर्णयाने आपण स्वतःचेच घर पत्नी व मुलांच्या डोक्यावर पाडीत आहोत, असे त्यांना वाटे.

तुरुंगवासाच्या आरंभी, आपल्याला फाशी होईल, अशी त्यांची समजूत होती. त्या वेळी देवाच्या सान्निध्याचा कोणताही अनुभव त्यांना येत नव्हता आणि फाशीच्या शिडीवर आपण थरथर कापू, याची त्यांना लाज वाटे. अनेक आठवड्यांच्या घालमेलीनंतर त्यांनी ठरविले की, देवाने सांत्वन देणे अथवा न देणे हे देवाच्या इच्छेवर आहे; आपण मात्र त्याच्या वचनाशी बांधलेले आहोत. स्वर्ग मिळो वा न मिळो, ख्रिस्ताच्या नावासाठी डोळे मिटून उडी घेण्याचा त्यांचा निश्चय झाला आणि या निश्चयानंतरच त्यांचे मन शांत झाले. ‘ग्रेस अबाउंडिंग’ हे पुस्तक तुरुंगातच लिहिले गेले. ते त्यांनी मुख्यतः आपल्या उपदेशामुळे विश्वासात आलेल्या व तशाच शंकांनी पीडित असलेल्या लोकांसाठी लिहिले.

पाळकपद व उत्तरायुष्य

जानेवारी १६७२ मध्ये मंडळीने बन्यन यांची पाळक म्हणून निवड केली. त्याच वर्षी राजा दुसरा चार्ल्स याच्या सवलतीच्या जाहीरनाम्यामुळे त्यांची सुटका झाली. मंडळीने बेडफर्डच्या मिल स्ट्रीटवरील एका धान्याच्या कोठारात उपासना सुरू केली. बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद हा प्रभुभोजनातील सहभागास अडथळा ठरू नये, असे मत त्यांनी इ.स. १६७३च्या पुस्तकात मांडले. त्यामुळे लंडनमधील अनेक बॅप्टिस्ट पुढाऱ्यांचा रोष त्यांना पत्करावा लागला. इ.स. १६७६-७७ मध्ये त्यांना पुन्हा सुमारे सहा महिने तुरुंगात राहावे लागले.

साहित्य व विचार

‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा पहिला भाग इ.स. १६७८ मध्ये लंडनच्या नॅथॅनियल पाँडर यांनी प्रसिद्ध केला. पाठीवर ओझे घेतलेला ख्रिश्चन नावाचा यात्रेकरू विनाशनगर सोडून स्वर्गीय नगरीकडे निघतो, अशी ही कथा आहे. यात्रेच्या आरंभीच तो निराशेच्या दलदलीत रुततो. पापाची जाणीव झालेल्या माणसाच्या मनातील भये व शंका तेथे साचतात, त्यामुळे ती दलदल कितीही भराव घातला तरी बुजत नाही, असे लेखक सांगतो. ओझे उतरते ते वधस्तंभाजवळ. ते उतरल्यानंतर दार ठोठावावे, अशी अट कोठेही नाही. पुढे निराशा नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात कोंडला गेला असता, अभिवचन नावाची किल्ली आपल्याच छातीशी असल्याचे त्याला आठवते.

इ.स. १६८४ मध्ये दुसरा भाग आला. त्यातील मर्सी ही तरुणी, आपल्याला कोणी बोलाविलेले नाही या भीतीने दाराबाहेरच मूर्च्छित होते. तरी तिला आत घेतले जाते. मिस्टर फिअरिंग हा भित्रा यात्रेकरू दलदलीच्या काठी महिन्याहून अधिक काळ पडून राहतो, दार ठोठावण्यास धजत नाही व इतरांना पुढे जाऊ देतो. त्याला सिंहांचे किंवा संकटांचे भय नसते. आपला स्वीकार होईल की नाही, एवढेच भय असते. मृत्यूची नदी ओलांडण्याची त्याची वेळ येते तेव्हा तिचे पाणी पूर्वी कधी नव्हते इतके उतरलेले असते.

याच विषयावर बन्यन यांनी अनेक प्रबोधनपर ग्रंथ लिहिले. ‘कम अँड वेलकम टू जीझस क्राइस्ट’ (१६७८) हा ग्रंथ योहानाच्या शुभवर्तमानातील वर उल्लेखिलेल्या वचनावर आधारलेला आहे. मी फार मोठा पापी आहे, फार म्हातारा आहे, माझे मन कठोर आहे, मी मागे फिरलो होतो, अशा आक्षेपांना ते त्या एकाच वचनाने उत्तर देतात. मंद गतीने येणाऱ्यांसाठी त्यांनी घोडेस्वाराचा दृष्टांत दिला आहे: स्वाराला भरधाव जायचे असते, पण त्याचे घोडे धड दुडक्या चालीनेही चालत नाही. स्वाराची इच्छा घोड्याच्या चालीवरून ठरवू नये, असे ते सांगतात. ‘द फॅरिसी अँड द पब्लिकन’ (१६८५) मध्ये परूशी व जकातदार यांच्या दाखल्याचे विवरण आहे. दूर उभा राहिलेला जकातदार वर पाहण्यास धजला नाही, तरी तो मंदिरात आला, याकडे ते लक्ष वेधतात.

‘द जेरुसलेम सिनर सेव्ह्ड’ (१६८८) या ग्रंथाचा आधार, पश्चात्तापाची घोषणा यरुशलेमेपासून सुरू करावी, या ख्रिस्ताच्या आज्ञेचा आहे. ज्या शहराने ख्रिस्ताला मारले त्यालाच कृपा प्रथम देऊ केली गेली. म्हणून सर्वांत मोठ्या पाप्याने सर्वांत आधी यावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. किरकोळ पुटकुळ्या बऱ्या करून वैद्याचे नाव होत नाही, असाध्य रोग बरे करून होते, हे उदाहरण ते देतात. याखेरीज ‘द लाइफ अँड डेथ ऑफ मिस्टर बॅडमन’ (१६८०) व ‘द होली वॉर’ (१६८२) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत.

मृत्यू

इ.स. १६८८च्या ऑगस्टमध्ये एका पितापुत्रातील कलह मिटविण्यासाठी बन्यन रेडिंग येथे गेले होते. तेथून घोड्यावरून लंडनला जाताना ते पावसात भिजले व तापाने आजारी पडले. ३१ ऑगस्ट रोजी स्नो हिल येथे किराणा व्यापारी जॉन स्ट्रडविक यांच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन बनहिल फील्ड्स येथे करण्यात आले. भग्न अंतःकरण हेच देवाला मान्य असलेले अर्पण, या विषयावरील ‘द अ‍ॅक्सेप्टेबल सॅक्रिफाइस’ हे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर इ.स. १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

बन्यन यांनी स्वतःवर केलेले आरोप कितपत खरे मानावेत, याविषयी मतभिन्नता आहे. इतिहासकार लॉर्ड मेकॉले यांच्या मते तरुण बन्यन हे शपथा घेणारे व खेळकर असले तरी दुराचारी नव्हते. त्यांच्या कठोर शब्दांचा शब्दशः अर्थ घेणे चुकीचे ठरेल. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपिरियन्स’ (१९०२) मध्ये त्यांच्या अनुभवाचा विचार व्याधिग्रस्त मनाचे उदाहरण म्हणून केला. चरित्रकार रिचर्ड ग्रीव्ह्ज यांनी ‘ग्लिम्प्सेस ऑफ ग्लोरी’ (२००२) मध्ये त्यांना नैराश्याचा विकार असावा, असे प्रतिपादन केले. बन्यन यांनी स्वतः आपल्या यातनांचा अर्थ आध्यात्मिक भाषेतच लावला. मात्र मनाच्या अवस्थेवरून देवाच्या कृपेचे माप काढू नये, हा त्यांचा निष्कर्ष दोन्ही प्रकारच्या वाचकांना महत्त्वाचा वाटत आला आहे.

प्रभाव व स्मारके

‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे अनुवाद दोनशेहून अधिक भाषांत झाले आहेत. मराठीत हरी केशवजी यांनी केलेला अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ या नावाने इ.स. १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी कादंबरीच्या पूर्वकाळातील अनुवादित कथाग्रंथांत त्याची गणना होते. बेडफर्डमध्ये इ.स. १८७४ मध्ये बन्यन यांचा पुतळा उभारण्यात आला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या स्मरणार्थ इ.स. १९१२ मध्ये रंगीत काचेची खिडकी बसविण्यात आली. मिल स्ट्रीटवर ज्या ठिकाणी कोठारात उपासना होत असे, तेथे आज बन्यन मीटिंग हे प्रार्थनामंदिर व त्यांच्या जीवनाविषयीचे संग्रहालय आहे.